दाराकडे पाठ

गेल्या वर्षी जून महिन्यात आम्हा प्राथमिक शिक्षकांना एका प्रशिक्षणासाठी नगरला बोलावले होते. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण एस.टी.त कंडक्टर समोर आला की तोंडातून अजून ‘एक नगर’ असेच निघते.) विषय होता, शिक्षकाचा सकारात्मक दृष्टिकोन. जेवणानंतरची वेळ, वर पत्रा, आणि चार पंख्यांपैकी दोन फिरणारे. व्याख्याते तरुण व उत्साही होते. त्यांनी आम्हा दीडशे जणांना उभे केले आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाहून एक मिनिट मोठ्याने हसायला सांगितले. आम्ही हसलो. मास्तर माणूस समोरून आलेली सूचना सहसा मोडत नाही. हसून झाल्यावर प्रत्येकाने मोबाइलवर एक फॉर्म भरायचा होता : ‘या प्रशिक्षणामुळे आपल्या दृष्टिकोनात बदल झाला काय? होय किंवा नाही.’ पाच वाजायच्या आत. सभागृहात रेंज नव्हती, म्हणून आम्ही सारे गच्चीवर गेलो आणि मोबाइल धरलेले हात उंच करून उभे राहिलो. खालून जाणाऱ्याला वाटले असेल, मास्तरांनी पावसासाठी देवाची करुणा भाकायला घेतली.

मला ज्या शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाहून हसायचे होते, ते शहरातल्या एका उर्दू शाळेतले वयस्क शिक्षक होते. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. गच्चीवर ते मला म्हणाले, “गुरुजी, खूश राहणं हा माणसाचा शौक आहे का फर्ज, हा सवाल काही या पोरानं पहिल्यांदा काढलेला नाही. तो इथंच निघाला होता. तिकडं, किल्ल्यात.” आणि त्यांनी भिंगारच्या दिशेने बोट दाखवले.

नगरचा भुईकोट किल्ला मी शाळेच्या सहलीत मुलांना दोनदा दाखवला आहे. चांदबीबीने १५९६ साली तो मोगलांविरुद्ध कसा लढवला, नेहरूंनी १९४४ साली पाच महिन्यांत त्यांचा भारताच्या शोधाचा मोठा ग्रंथ कसा तिथे लिहून काढला, हे सारे मला पाठ आहे. पण त्याच आवारात मौलाना अबुल कलाम आझाद होते, आणि ते पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा करीत व एका मित्राला पत्रे लिहीत, ही पत्रे तुरुंगातून टपालात पडत नसत, आणि १९४६ साली त्यांचे ‘गुबार-ए-खातिर’ नावाचे पुस्तक निघाले, हे मला त्या गच्चीवर कळले. पुढे उर्दू शाळेतल्या त्या मास्तरांनीच दोन पत्रे मला वाचून दाखवली आणि माझ्यासाठी सोपी करून सांगितली. गेले वर्षभर ती डोक्यातून जात नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायचे आहे. पण आधी आमच्या कामाविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर हा लेख एका मास्तराने हवेत मारलेल्या गप्पा वाटेल.

माझी शाळा पाथर्डीकडच्या डोंगराला लागून आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, सत्तेचाळीस मुले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे असतात, तेव्हा तक्रारीला जागा नाही. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात असेही म्हटले आहे, की शिक्षकाला अशैक्षणिक कामे देऊ नयेत. अपवाद फक्त तीन, दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक. वाचायला हे किती हलके वाटते! परंतु निवडणूक म्हणजे लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, आणि या साऱ्यांच्या मधल्या काळात मतदारयादी. आपत्ती तर सांगून येत नाही. त्याखेरीज जे शैक्षणिकच समजले जाते ते वेगळे : खिचडीच्या तांदळाचा हिशेब, डाळीचा हिशेब, २०२३ पासून काही काळ अंड्यांचाही हिशेब (कोणी अंडे खाल्ले, कोणी केळे, कोणी दोन्ही नको म्हटले), मुलांच्या आधार क्रमांकांची जुळणी, २०१५ पासूनची ‘सरल’ची माहिती, आणि मोबाइलवर ‘अतितातडीचे’ असा मथळा असलेले निरोप. एकदा एकाच दिवसात असे अकरा निरोप मी मोजले. सगळेच अतितातडीचे असल्यावर आधी कशाला हात घालावा हे ठरवणे उलट सोपे जाते. मी त्या दिवशी पाढे घेतले.

हे गाऱ्हाणे म्हणून लिहीत नाही. शेतमजुराचे, नर्सबाईंचे, एस.टी.च्या ड्रायव्हरचे काम माझ्या कामापेक्षा हलके आहे असे मी म्हणणार नाही. फरक एवढाच, की कारकुनाचा चेहरा पाहून त्याच्या फायली उदास होत नाहीत. माझ्यासमोर मात्र सत्तेचाळीस जोड डोळे असतात आणि ते फळ्यापेक्षा जास्त वेळ माझ्या तोंडाकडे पाहत असतात. पहिलीच्या पोराला गुरुजींनी काय शिकवले हे संध्याकाळी सांगता येत नाही, पण गुरुजी आज कसे होते हे बरोबर सांगता येते.

आणि इथेच मौलानांचे पहिले पत्र मला लागू पडले. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडून त्यांना व काँग्रेसच्या कार्यकारिणीतल्या इतर मंडळींना नगरला आणले. बारा माणसे, एक चौक, बाहेरच्या जगाची बातमी नाही, सुटका कधी हे ठाऊक नाही. अशा जागी बसून त्यांनी लिहिले ते असे, की आनंदी असणे ही माणसाची केवळ गरज नाही, तर ती त्याची नैतिक जबाबदारी आहे. विचार मूळचा आंद्रे जीद या फ्रेंच लेखकाचा; मौलानांनी तो आपलासा केला. त्यामागची समजूत थोडक्यात अशी, की आपले सुखदुःख आपल्यापुरते राहत नाही. घरातल्या एकाचे तोंड उतरलेले असले की साऱ्या घरावर सावली पडते. तेव्हा आपली उदासी दुसऱ्याच्या अंगणात टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मला हे पटले. आजही पटते. व्याख्यात्याने सांगितलेला सकारात्मकपणा माझ्या आरोग्यासाठी होता, माझा रक्तदाब, माझी झोप, माझी कार्यक्षमता. मौलाना म्हणतात तो दुसऱ्यांसाठी आहे. मास्तराने वर्गात पाऊल टाकताना घरचा व कचेरीचा राग चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावा, हे आमच्या आधीच्या पिढीतल्या गुरुजींनी न सांगता पाळलेले आहे. मीही वीस वर्षे ते पाळत आलो. इतके चांगले पाळले, की त्यातूनच माझ्या हातून एक चूक झाली.

२०१९ चा ऑक्टोबर. विधानसभेचे मतदान २१ तारखेला, दिवाळी २७ ला. त्याच्या आत निवडणुकीची प्रशिक्षणे, सहामाही परीक्षा, तिचे निकाल. माझी आई नगरच्या एका दवाखान्यात होती. मी रात्री तिच्याजवळ बसायचो आणि पहाटेच्या गाडीने शाळेत यायचो. शाळेत कोणाला काही बोललो नाही. उलट त्या दिवसांत मी नेहमीपेक्षा जास्त हसत होतो. गाणी घेतली, गोष्टी सांगितल्या, आकाशकंदील करायला बसवले. मनातून मला स्वतःचे कौतुकही वाटत होते, हे कबूल करायला हवे. इतके ओझे आणि चेहऱ्यावर आठी नाही!

आमच्या भागात दिवाळी झाली की गाव अर्धे होते. जिल्ह्यात प्रवरेकाठी देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला, आज जिल्ह्यात कारखान्यांची दाटी आहे. पण आमच्या डोंगराकडच्या माणसाला ऊस ठाऊक आहे तो लावायचा म्हणून नव्हे, तोडायचा म्हणून. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पोरेबाळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. ती परत येतात मार्च-एप्रिलात. मुलांची शाळा बुडू नये म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते : आजी-आजोबांजवळ मागे राहणाऱ्या मुलांची यादी शाळेने करायची, म्हणजे त्यांच्या जेवणखाणाची व्यवस्था गावातच होते. त्या वर्षीची यादी इतर कागदांबरोबर माझ्या टेबलावर होती. आईबापांनी जी नावे आपणहून सांगितली ती लिहून मी यादी पाठवून दिली.

चौथीत एक मुलगी होती. वर्गातली सर्वांत चांगली वाचणारी. त्या आठवड्यात ती मधल्या सुट्टीत दोन-तीनदा टेबलाशी येऊन उभी राहिल्याचे मला अंधुक आठवते. मी हसून विचारायचो, “काय गं?” ती म्हणायची, “काही नाही गुर्जी.” मी तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणायचो, “पळ मग, खेळ जा.” हंगाम सुरू झाल्यावर ती आईबापांबरोबर गेली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. ऊसतोड कामगार ठिकठिकाणी अडकले. एप्रिलात सरकारने त्यांना गावी परतू दिले, आणि गावाने त्यांना गावाबाहेर ठेवायचे ठरवले, म्हणजे शाळेत. माझ्याच वर्गखोल्यांत ती कुटुंबे चौदा दिवस राहिली, आणि कोण आले, कोण गेले, कोणाला ताप आहे, याची नोंद करायला फाटकापाशी खुर्ची टाकून मी बसलो. आपत्तीनिवारण. तोंडाला मुसके बांधलेले, डोळ्यांवर उन्हाची झापड. आई डिसेंबरात गेली होती.

एका दुपारी ती मुलगी वर्गाच्या दारात येऊन बसली. मधे पंधरा-वीस पावलांचे अंगण. बराच वेळ ती माझ्याकडे बघत होती. मग तिथूनच तिने सांगितले, की तिला आजीपाशी राहायचे होते, पाचवीला नवोदयची परीक्षा द्यायची होती, आणि बाप दुसऱ्या कुणाचे नाही तरी गुर्जींचे ऐकतो म्हणून मी त्याला सांगावे असे तिला वाटत होते. मी म्हणालो, “मग तेव्हा सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, “तुमी लई खुशीत व्हते त्या टायमाला. मंग म्हनलं, कशाला उगं.”

कशाला उगं! नऊ-दहा वर्षांच्या पोरीने मौलानांचे पत्र न वाचता ते पाळले होते. आपल्या दुःखाने गुर्जींच्या आनंदावर सावली पडू नये म्हणून ती तीनदा आली आणि तीनदा परत गेली. मी ज्या चेहऱ्याची स्वतःशी पाठ थोपटत होतो, तो त्या मुलीला बंद दारासारखा दिसला होता.

उर्दू शाळेतल्या मास्तरांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी मला दुसरे पत्र ऐकवले. ते १९४३ च्या एप्रिलमधले आहे. मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला अत्यवस्थ होत्या. तारा येत होत्या. तुरुंगाच्या सुपरिंटेंडेंटने सुचवले, की सरकारकडे काही मागायचे असेल तर मी कळवतो. मौलाना म्हणाले, मला काही मागायचे नाही. नेहरूंनीही विषय काढला. त्यांनाही त्यांनी तेच उत्तर दिले. वर्तमानपत्र दुपारी यायचे. जेलर ते घेऊन निघाला की त्याच्या पावलांचा आवाज यायचा आणि यांचे काळीज धडधडू लागायचे, न जाणो, आज काय छापून आले असेल. पण त्यांच्या बैठकीची पाठ दाराकडे असे. जेलर आत येईपर्यंत त्याला यांचा चेहरा दिसत नसे. तो पुढे आला की हे हसून खुणेने सांगत, ठेवा टेबलावर, आणि पुन्हा लिहू लागत. जणू पेपर पाहण्याची काही घाईच नाही. ९ एप्रिलला त्या वारल्या. नंतर लिहिलेल्या त्या पत्रात मौलानांनी हे स्वच्छ मान्य केले आहे, की ते सारे एक सोंग होते. आपला संयम डागाळलेला कोणाला दिसू नये म्हणून आपल्याच अहंकाराने वठवलेले.

या कबुलीमुळे मला तो माणूस पहिल्या पत्रापेक्षा फार मोठा वाटतो. परक्या सरकारपुढे तोंड वेडेवाकडे न करणे हा त्यांचा मान होता, आणि जेलरला त्यांच्या आतली खबर कळायचे काहीच कारण नव्हते. तिथे दाराकडे पाठ करून बसणे योग्यच. पण दारातून येणारा जेलर नसून चौथीतली मुलगी असेल तर? मी नेमके तिच्याकडे तोंड हवे तेव्हा पाठ केली होती. आणि जिकडे पाठ करायची तिकडे मात्र, खरे सांगायचे तर, तोंडभर हसत होतो.

‘सकारात्मक’ हा आमच्या कचेऱ्यांचा लाडका शब्द आहे. जुना शब्द ‘प्रसन्न’. त्यात पाण्याचा तळ दिसावा तसा निवळपणा आहे. ‘सकारात्मक’मध्ये नुसता होकार आहे. बैठकीत विचारतात, मुलांची प्रगती कशी? आम्ही म्हणतो, समाधानकारक. अडचणी? काही नाही. रकान्यात ‘होय’. वर जाता जाता हे होकार एकावर एक चढत जातात, आणि सर्वांत वर जो बसलेला असतो त्याला प्रामाणिकपणेच वाटते, की दोन मास्तरांत चार वर्ग, मतदारयादी आणि खिचडी हे सारे सुरळीत चालू आहे. कमतरता असलीच तर ती मास्तरांच्या दृष्टिकोनात. मग तो प्रशिक्षण काढतो. व्याख्यात्यावर माझा राग नाही; त्याला कोणी खरे सांगितलेलेच नसते. पण रिकामी जागा हसून भरत नाही, आणि ती हसून भरून काढतो असे दाखवणारा शिक्षक मुलांचेच नुकसान करतो. मागे एकदा मी एका अहवालात लिहिले : ‘तिसरीच्या सात मुलांना वाचता येत नाही. कारण, सप्टेंबरात वर्ग अठरा दिवस शिक्षकाविना होता.’ त्यावर मला खुलासा विचारण्यात आला. मी तेच वाक्य पुन्हा लिहून पाठवले. पुढे काही झाले नाही, पण मला त्या रात्री चांगली झोप लागली.

उलट टोकाची एक आठवण सांगायला हवी. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालय त्यांच्याकडे होते. मुलांसाठी ते रोज हाताने दैनिक लिहीत, मुलांची अंथरुणे आवरीत, आजारी मुलाजवळ रात्र काढीत. आईच्या आठवणींनी त्यांनी साऱ्या महाराष्ट्राला रडवले, पण मुलांत बसले की त्यांना हसवले. मुलांपासून त्यांनी काही हातचे राखून ठेवले नाही, आणि स्वतःसाठीही काही राखून ठेवले नाही. ११ जून १९५० ला त्यांनी आपले जीवन आपणच संपवले. त्या निर्णयामागे देशाची स्थिती होती, मनाचा हळवेपणा होता, आणखी काय काय होते. त्यावर मी बोलणे बरे नव्हे. पण शिक्षकाने दिव्यासारखे जळावे असे सत्काराच्या भाषणात कोणी म्हणाले की मला ती तारीख आठवते आणि मी शाल घेऊन लवकर खाली बसतो.

मग प्रसन्नता आणायची कोठून? ठरवून येत नाही हे मी पाहिले आहे. मौलानांच्या चहाकडे मी त्यासाठीच पुन्हा पुन्हा वळतो. पहाटे साडेतीन-चारला उठून स्वतः केलेला, बिनदुधाचा चिनी चहा. त्या वेळेवर सरकारचा हक्क नव्हता, पक्षाचा नव्हता, दुःखाचाही थोडा कमीच. माझा तसा चहा म्हणजे पहाटेची दोन पाने. साडेचारला उठून मी कादंबरीची दोन पाने लिहितो. ती कोणी मागितलेली नसतात, कोठे अपलोड करायची नसतात. माझ्या कादंबरीतला मास्तर माझ्यापेक्षा पुष्कळ खिन्न आहे. कदाचित माझ्या वाट्याची थोडी खिन्नता तो रोज उचलून नेत असेल. ज्या दिवशी ही पाने होत नाहीत त्या दिवशी मी वर्गात हसतो ते व्याख्यात्याने सांगितल्यासारखे. आमच्या शाळेतल्या बाई लिहीत नाहीत. त्या शाळा भरायच्या आधी अर्धा तास येऊन कडुनिंबाखाली एकट्याच बसतात. मोबाइल टेबलाच्या खणात. त्या वेळी केंद्रप्रमुखांचा फोन आला तर मी सांगतो, बाई पूजेला बसल्यात.

आणि वर्गात? २०२० नंतर मी एक गोष्ट बदलली. ती बरोबर आहे की नाही याची खात्री अजून नाही. फार थकलो असलो, घरी काही बिनसले असले, तर मुलांना तेवढे सांगतो : आज गुरुजी दमलेत. कारण सांगत नाही. मोठ्यांची कारणे मुलांच्या खांद्यावर टाकायची नसतात, तिथे मौलानांचे पहिले पत्र मला अजून बांधून ठेवते. पण दमलो असताना दमलेलो नाही, असे सांगत नाही. माझ्या एका जुन्या स्नेह्यांना, तेही शिक्षकच, हे मान्य नाही. ते म्हणतात, मूल म्हणजे काही आपला मित्र नव्हे. त्याला आपला आधार वाटला पाहिजे, आपली कीव वाटता कामा नये. त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. पहिल्यांदा मी तसे सांगितले तेव्हा पहिलीतले एक मूल घाबरून रडले होते.

ती मुलगी आता हायस्कूल संपवून पाथर्डीला अकरावीत जाते. नवोदय हुकले ते हुकलेच. येताजाताना दिसली तर हात करते. तिचा धाकटा भाऊ माझ्याकडे चौथीत आहे. परवा सहामाहीचे पेपर तपासत मी मधल्या सुट्टीत पायरीवर बसलो होतो. गावात मुकादमाच्या फेऱ्या सुरू झाल्या आहेत, पाराजवळ ट्रॉल्या धुऊन उभ्या आहेत. तो येऊन समोर उभा राहिला.

“गुर्जी, रागात हाये का?”

“नाही रे. दमलोय.”

त्याने जरा विचार केला आणि पायरीवर माझ्याशेजारी बसला. खिशातून शेंगा काढल्या, दोन मला दिल्या. एक शेंग फोडून खाल्ल्यावर म्हणाला, “मंग आमच्या आण्णाला कवा भेटताय?”

मी लाल पेन मिटले आणि टेबलाच्या खणातून वसतिगृहाची यादी आणायला त्यालाच आत पाठवले.